आमची वाटचाल : आप्पांच्या तिजोरीतलं पाकीट

२००३ ला लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत दहा बाय बाराच्या खोलीत मी आणि माझ्या पार्टनरनं सॉफ्टवेअरचा बोर्ड लावला, भांडवल म्हणजे दोन असेंबल कॉम्प्युटर, एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि त्याच्या डोक्यातलं व्हीबी सिक्स, म्हणजे तेव्हाची प्रोग्रामिंगची भाषा. तो कोड लिहायचा, मी दुकानं फिरायचो. शाळेपासूनचे दोस्त, त्यामुळं भागीदारीचा कागद दीड पानाचा, त्यात नफा निम्मा निम्मा एवढंच धड लिहिलेलं. त्या दीड पानानं पुढं काय केलं तेच सांगायला बसलोय.

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एमआयडीसीतले दालमिलवाले आप्पा. तूर आली की काट्यावर गाडी, काट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारी पेटी) सिरीयल पोर्टनं कॉम्प्युटरला जोडलेला, वजन आपोआप स्क्रीनवर यायचं आणि पट्टी निघायची : कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई. आज हे कुणालाही सोपं वाटेल पण तेव्हा प्रत्येक कंपनीचा इंडिकेटर वेगळ्या पद्धतीनं आकडा पाठवायचा, कुणाचा बॉड रेट, म्हणजे आकडा पाठवायचा वेग, २४००, कुणाचा ९६००, कुणी आकड्याच्या आधी फालतू अक्षरं टाकायचं. पार्टनर आप्पांच्या काट्याच्या केबिनमध्ये आठ रात्री बसला, हमाल लोक चहा आणून द्यायचे. आप्पांची सवय अशी की छापायच्या आधी पट्टी स्वतः वाचणार, चष्मा लावून, बोट फिरवत. म्हणून पार्टनरनं प्रिंटच्या आधी एक खिडकी टाकली, व्हीबी सिक्सला देवनागरी जमायची नाही म्हणून इंग्रजी अक्षरात लिहिलेलं मराठी : 'आप्पा, पट्टी तपासा.' पुढं ती सगळ्यांच्या कॉपीत गेली, काढायची राहिली, मग काढावी वाटली नाही.

२००६ च्या लक्ष्मीपूजनाला आप्पा सरळ म्हणाले, "तुमी दोघं चांगले हाव, पण उद्या तुमी नसलाव तर माज्या मिलीनं काय करावं?" एस्क्रो, म्हणजे सोर्स कोड अटीवर तिसऱ्याकडं जपून ठेवणं, हा शब्द आम्हाला तिघांनाही माहीत नव्हता. पार्टनरनं सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ लिखाणाची, सीडी केली आणि का कुणास ठाऊक, मुख्य मॉड्यूलची प्रिंटही काढली, १३२ कॉलमच्या सलग कागदावर, घडी घातल्यावर चार बोटं जाड. दोन्ही पाकिटात घालून तोंडावर लाख लावली, त्यावर आप्पांच्या मिलीचा शिक्का, तिघांच्या सह्या, तारीख. पाकीट चोपड्यांबरोबर पूजेला लागलं आणि तिजोरीत गेलं. अट तोंडी : आम्ही दोघंही काम करायच्या लायक राहिलो नाही तरच फोडायचं, आणि फोडलं तरी फक्त स्वतःच्या मिलीपुरतं वापरायचं. आज वाटतं की पुढं वकिलांनी करून दिलेल्या बावीस पानांपेक्षा ती तोंडी अट जास्त पक्की होती.

मधली वर्षं बरी गेली. नांदेड, परभणी, उदगीर, सव्वाशेच्या आसपास दुकानं झाली, औसा रोडला ऑफिस घेतलं.

२०१३ ला आमच्या भागातल्या चार मोंढ्यांत खरेदी करणारी एक मोठी कंपनी आली. नाव लिहीत नाही. त्यांनी एस्क्रोची अट घातली आणि त्यात गैर काहीच नाही, त्यांचा सगळा धंदा आमच्या कोडवर चालणार, आम्ही दोन माणसांची फर्म, त्यांना भीती वाटणारच. तिघांचा करार झाला : आम्ही कोड जमा करणार, मुंबईचा एजंट सांभाळणार, अट लागू झाली तर कंपनीला मिळणार. अट अशी होती की विक्रेती फर्म विसर्जित झाली, दिवाळखोरीत गेली किंवा सपोर्ट बंद केला तर रिलीज. एजंट आम्हाला नोटीस देणार, दहा दिवसात हरकत घेतली नाही तर कोड त्यांचा वापरायला, बदलायला, देखभाल करायला. मी वाचलं आणि सही केली. आम्ही कशाला दिवाळखोरीत जातोय, असं मनात होतं.

मार्च २०१६ ला पार्टनर गेला. हार्ट अटॅक, वय एक्केचाळीस. ते लातूरच्या पाण्याचं साल, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलं, घरोघरी ड्रम, आणि त्यात हे. मी एक दिवस ऑफिस बंद ठेवलं. एकच दिवस. त्या कंपनीचा एकही कॉल मी दुसऱ्या दिवसावर जाऊ दिला नाही, ऑफिसातल्या मुलांना घेऊन रात्री बसलो, ज्या कोडला मी कधी हात लावला नव्हता तो वाचायला शिकलो.

पण कायदा दुसरंच म्हणतो. १९३२ च्या भागीदारी कायद्यात कलम ४२ आहे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूनं फर्म विसर्जित होते. आणि दोघांचीच फर्म असेल तर मागं एकच माणूस उरतो, एकट्याची भागीदारी कशी राहील. म्हणजे मी रोज बिलं काढत होतो, फोन उचलत होतो, आणि कागदावर आमची फर्म मेलेली होती. कंपनीनं जूनमध्ये एजंटला पत्र दिलं, फर्म विसर्जित झाली. पुरावा काय जोडला तर आम्हीच पेपरात दिलेली श्रद्धांजलीची जाहिरात. हे मी आजही विसरलेलो नाही आणि विसरणार नाही.

एजंटची नोटीस गेली पार्टनरच्या ईमेलवर, कारण करारात तोच पत्ता होता, आणि कुरियर गेलं गोलाईमागच्या जुन्या खोलीवर, तिथं तोवर मोबाईल रिपेअरचं दुकान झालेलं. एजंटला मी दोष देत नाही, कागदात होतं तेच त्यानं केलं. दहा दिवस गेले, कोड गेला. ऑगस्टला कंपनीचं एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, बंद केल्याचं पत्र आलं तेव्हा आम्हाला वाटलं भाव कमी करायला दबाव टाकायलेत. वहिनी, म्हणजे पार्टनरची बायको, विम्याच्या कागदासाठी त्याचा ईमेल उघडून बसल्या तेव्हा त्यांना ती नोटीस दिसली. त्यांनी मला फोन केला तर आधी बोलताच येईना.

पुढच्या वर्षी १ जुलैला जीएसटी आला, सगळ्या बाजाराला नवीन बिलं पाहिजेत, तेव्हा सुट्टी डाळ शून्य टक्के आणि रजिस्टर्ड ब्रँडची पाच टक्के, दालमिलवाल्यांची तर झोप उडालेली. त्याच गर्दीत दुसऱ्या शहरातली एक सॉफ्टवेअर फर्म 'नवीन' पॅकेज घेऊन निम्म्या किमतीत फिरायला लागली. महिन्याला चार-पाच दुकानं तुटायला लागली. पगार द्यायला बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या, दोन मुलं सोडून गेली, त्यातला एक त्यांच्याकडेच.

सप्टेंबरात उदगीरच्या एका आडत दुकानात मी जुनी बाकी मागायला गेलो होतो, तिथंच त्यांचा डेमो चालू. मी मागं बाकड्यावर बसलो. रंग नवा, लोगो नवा. पोरानं वजन घेतलं, भाव टाकला, प्रिंट दाबलं आणि स्क्रीनवर खिडकी आली : 'आप्पा, पट्टी तपासा.'

दुकानदार म्हणाला, "हे आप्पा कोण वो?" पोराला उत्तर येईना. मला माहीत होतं पण मी उठून बाहेर आलो, गाडीजवळ बराच वेळ उभा राहिलो.

वकीलसाहेबांनी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. कंपनीशी आपला करार, त्यात लवाद मुंबईला, खर्च परवडायचा नाही. पण त्या फर्मशी आपला कसलाच करार नाही, आणि कॉपीराईट कायद्याच्या कलम ६२ नं आपण जिथं धंदा करतो तिथल्या जिल्हा कोर्टात दावा लावता येतो. म्हणजे लातूरलाच. सॉफ्टवेअर या कायद्यात साहित्यकृती धरतात, आणि गिऱ्हाइकानं पैसे देऊन करून घेतलं म्हणून मालकी आपोआप त्याची होत नाही, ती लेखी द्यावी लागते. समोरच्यांचं म्हणणं एकच, कोड आम्हाला कंपनीनं दिला, कंपनीला बदलायचा हक्क होता, आणि आता ह्यात मूळ तुमचं काय ते दाखवा. आमच्या मशीनवरच्या फाईलींच्या तारखा तर कॉपी करताना बदललेल्या.

तेव्हा आप्पांचा फोन आला. "पाकीट हाय की आपलं."

आम्ही मिलीत गेलो, वकीलसाहेब, वहिनी आणि मी. आप्पांनी तिजोरीतून पाकीट काढलं, लाख शाबूत. पंचांसमोर फोडलं. सीडी दोन ड्राइव्हमध्ये घातली, वाचलीच नाही, अकरा वर्षांत वरचा थर गेलेला. माझे हातपाय गळाले. मग वहिनींनी ती कागदाची घडी उलगडायला घेतली, टेबलावरून खाली फरशीपर्यंत गेली, रिबन फिकी पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, आणि मध्ये कुठंतरी ती ओळ होती, आप्पांची. आप्पांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचली.

पुढं तडजोड झाली, त्या फर्मनं ते पॅकेज विकणं बंद केलं, बाकीचा तपशील उघड करायचा नाही असं तडजोडीतच आहे म्हणून थांबतो. त्या कंपनीकडून वहिनींना एका शब्दाचं काही आलं नाही.

आता जे नवीन पोरं लातूर-नांदेडला सॉफ्टवेअर करायलेत त्यांना सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. एस्क्रोला नाही म्हणू नका. रिझर्व्ह बँकेनं २०२३ च्या आयटी गव्हर्नन्सच्या निर्देशात महत्त्वाच्या ॲप्लिकेशनचा सोर्स कोड व्हेंडरकडून घ्या, घेता येत नसेल तर एस्क्रो किंवा तशी सोय करा असं बँकांना सांगितलंय, म्हणजे ही मागणी वाढतच जाणार. पण रिलीजची अट शब्द न् शब्द वाचा. 'सपोर्ट बंद' म्हणजे किती दिवस, कुणी ठरवायचं, लेखी नोटीस देऊन सुधारायला तीस दिवस आहेत का. काम चालू असेल तर भागीदाराचा मृत्यू किंवा फर्मचं रूप बदलणं हे रिलीजचं कारण नाही असं स्पष्ट लिहून घ्या. नोटीस दोन माणसांच्या ईमेलवर आणि घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं. आणि सगळ्यात मोठं, रिलीज झाल्यावर हक्क फक्त स्वतःच्या धंद्यातल्या देखभालीपुरता, बाहेरच्या प्रोग्रामरला दाखवायचा तर गुप्ततेची सही घेऊन, आणि तो आपला स्पर्धक नको. मुदतही लिहा, नाही लिहिली तर कायदा पाच वर्षं धरतो.

घेणाऱ्यांनाही सांगतो, नुसती झिप फाईल ठेवून घेऊ नका. कोऱ्या मशीनवर बिल्ड करून, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करून, दाखवायला लावा. आमचाच कोड पहिल्यांदा कोऱ्या मशीनवर टाकला तेव्हा सिरीयल पोर्ट वाचणारी एमएसकॉमची ओसीएक्स फाईल नाही म्हणून काटाच वाचेना, आणि ती फाईल डिपॉझिटमध्ये ठेवायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं.

२०१८ ला वहिनी आणि मी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) केली, तिथं एक माणूस गेला म्हणून संस्था जात नाही. वहिनी आता हिशोब आणि करार दोन्ही बघतात, माझी सही त्यांच्यानंतर होते.

आप्पा गेल्या वर्षी वारले. मिल मुलगा बघतो, क्लाउडवर आलाय, तोलकाटा मोबाईलवर दिसतो. लक्ष्मीपूजनाला मी नवीन पेनड्राइव्ह घेऊन गेलो, त्याच्या ऑफिसातल्या रिकाम्या लॅपटॉपवर बिल्ड केलं, चाललं, मग पाकिटात घातलं, सोबत प्रिंटही. मुलानं लाख वितळवली आणि विचारलं की ती आप्पांची खिडकी अजून ठेवायची का. मी म्हणलं देवनागरीत केलीय आता, बघ.