आत्या, तो नाचतोय का?

आज भाचीला परगावच्या एका प्राणिसंग्रहालयात नेलं. हत्ती एकाच जागी उभा. डोकं डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पुढचा पाय उचलायचा, तिथेच टेकवायचा. पायाखालची माती घासून गुळगुळीत झालेली. 'आत्या, तो नाचतोय का गं?' मला बोलवेचना. नाच कसला, कोंडून ठेवल्याची अस्वस्थता ती.

कळपाबरोबर मैलोन् मैल फिरणारं, दिवसाला १००-१५० किलो चारा खाणारं जनावर हे! केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच सांगितलं होतं, प्राणिसंग्रहालयांतले हत्ती वनखात्याच्या कॅम्पमध्ये हलवा म्हणून. माहूत जीव लावतो, तेही पाहिलं. पण त्याने जागा थोडीच वाढते? आहेत त्यांना मोकळ्या रानात न्या, नवे आणूच नका.

एसटीने स्वारगेटला उतरेपर्यंत पोरगी एवढंच विचारत होती, 'त्याचे बाकीचे कुठेत?'