बचत सुचवणाऱ्याला बक्षीस, पण उरलेल्या पैशाचे काय?

सरकारी खर्चातली गळती कोठे आहे हे सर्वांत आधी कळते ते रोज ती फाईल हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला, आणि म्हणूनच बचतीची उपयुक्त सूचना करणाऱ्याला बक्षीस द्यावे ही कल्पना मला मुळातच पटते. अमेरिकेत ती बरीच जुनी आहे. उधळपट्टी, गैरव्यवहार किंवा गैरव्यवस्थापन उघड करून सरकारचा पैसा वाचवणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या खात्याच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या महानिरीक्षकाने रोख बक्षीस देण्याची तरतूद तेथील कायद्यात आहे. मात्र ही रक्कम वाचलेल्या पैशाच्या 1 टक्का किंवा 10,000 डॉलर, यांपैकी जी कमी असेल तिच्यापुढे जाऊ शकत नाही.

ओबामा प्रशासनाने 2009 मध्ये स्पर्धा घेऊन कर्मचाऱ्यांकडून बचतीच्या सूचना मागवल्या, तेव्हा 38,000 हून अधिक सूचना आल्या. विजेत्या कर्मचारी माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या होत्या. रुग्णाला दाखल असताना दिलेली डोळ्यांच्या थेंबांची बाटली किंवा इनहेलर त्याला घरी सोडताना फेकून दिला जातो आणि तेच औषध त्याला नव्याने दिले जाते, तेव्हा उरलेले औषध त्याच्यासोबतच द्यावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढच्या वर्षीची विजेती सूचनाही अशीच साधी होती: संगणकावर उपलब्ध असलेल्या शासकीय राजपत्राच्या छापील प्रती हजारो कर्मचाऱ्यांना टपालाने पाठवणे थांबवावे. या स्पर्धेत रोख रक्कम नव्हती, राष्ट्राध्यक्षांची भेट हेच बक्षीस होते; तरीही सूचनांचा पाऊस पडला, हे मला विशेष वाटते.

म्हणजे खरी अडचण बक्षिसाच्या आकड्यात नाही. कार्यालयाने वर्षाअखेर निधी शिल्लक ठेवला की पुढच्या वर्षी तरतुदीला कात्री लागण्याची भीती असते, त्यामुळे अमेरिकेत आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, 30 सप्टेंबर, जवळ येताच खरेदीला वेग येतो. अशा व्यवस्थेत बचत सुचवणारा कर्मचारी स्वतः बक्षीस मिळवतो आणि सहकाऱ्यांच्या निधीवर मात्र गंडांतर आणतो, शिवाय त्याची सूचना म्हणजे वरिष्ठांच्या आजवरच्या कारभारावरचा शेराच ठरतो (आणि ती बहुधा त्याच वरिष्ठांच्या टेबलावरून पुढे जायची असते!). वाचलेल्या रकमेचा काही हिस्सा त्याच कार्यालयाला पुढच्या वर्षी वापरू द्यावा, सूचनेची छाननी त्या विभागाबाहेरच्या व्यक्तीने करावी आणि बक्षीस अंदाजित नव्हे, तर वर्षभरानंतर हिशेबात दिसलेल्या बचतीवर ठरवावे, असे मला वाटते.