झेब्रा डॅनियो, नेरूळ: अंडी मिळाली, पिल्लं पोहायला लागली

झेब्रा डॅनियो म्हणजे टाकीत पाळायचा छोटा पट्टेरी मासा. मागच्या नोंदीत त्यांचे नर-माद्या वेगळ्या केल्या होत्या, तिथून पुढे. माद्यांची पोटं आता वरून पाहिलं तरी टम्म दिसतात. नर सडपातळ, पट्ट्यांच्या मधे सोनेरी झाक. खुराक गोठवलेला ब्लडवर्म (लाल अळ्या) आणि मिळेल तेव्हा डाफ्निया (पाणपिसवा).

अंड्यांसाठी वेगळी छोटी टाकी. तळाला खडी नाही, नुसत्या काचेच्या गोट्यांचे दोन थर, कारण हे पठ्ठे अंडी घालतात आणि वळून तीच खातात. अंडी चिकट नसतात, त्यामुळे फटींतून खाली जातात आणि आई-बापाचं तोंड तिथवर पोचत नाही. पाणी वीतभरच. मोरबे धरणाचंच, नळाचं, अँटी-क्लोरिन घालून. संध्याकाळी दोन नर, एक मादी सोडली.

सगळा खेळ उजाडताना. नर मादीच्या कुशीला घासत तिला गोट्यांवर रेटतो, दोघं क्षणभर थरथरतात, की अंडी सुटली. आटोपल्यावर मोठे मासे काढले, गोट्या पाण्यातच हलवून उचलल्या आणि टॉर्च आडवा धरला. अंडी पारदर्शक, मिलिमीटरहून लहान. पांढरी पडलेली ड्रॉपरने काढलीच पाहिजेत, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांना धरते.

28 अंशांच्या आसपास दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात. आपल्याकडे हीटर बहुतेक वेळ बंदच. पिल्लं पापणीच्या केसाएवढी, काचेला लटकलेली. पोटातला बलक संपून ती मोकळी पोहेपर्यंत काही घालायचं नाही. मग इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव), नंतर आर्टेमिया (कोळंबीसारख्या बारीक जीवाची पिल्लं).

एक तक्रार. झेब्रा कणखर म्हणून दुकानदार नवी टाकी ‘सेट’ करायला, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होईपर्यंत सोडायला, हाच मासा गळ्यात मारतात. गंगेच्या खोऱ्यातला हा मासा हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्ग-अभ्यासकाने 1822 साली जगापुढे मांडला. पावसाळ्यात पसरणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या पाण्यात वाढलेला, सोसतो बरंच. पण सोसतो म्हणून त्याला अमोनियात का बुडवायचं? ओळखीच्या कुणाच्या तरी चालू टाकीतला फिल्टरचा मळका स्पंज मागून आणा, ते जिवाणू त्यातच असतात, काम होतं.

सध्या पिल्लांच्या टाकीत एअर पंप मंद ठेवलाय, बुडबुडे मोजता येतील इतका. पाणी रोज थोडं बदलतो, बारीक नळीच्या तोंडाला कापड बांधून. पट्टे उमटले तरी मोठ्या टाकीत घाई नाही. मोठ्यांच्या तोंडात मावणार नाहीत एवढी झाली की मगच.