३५०८ ओळींवर कापलेले करारनामे

फोर्टातल्या आमच्या स्कॅनिंगच्या खोलीत गृहनिर्माण सोसायट्यांची जुनी दप्तरं येतात. करारनामे बहुतेक लीगल मापाचे, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर लांब. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे स्कॅनर लिनक्सवर ‘सेन’मधून (SANE, म्हणजे वेगवेगळे स्कॅनर एकाच पद्धतीने चालवायची सॉफ्टवेअर व्यवस्था) चालतात आणि ऑपरेटरना तिन्हींसाठी एकच मराठी स्क्रीन आहे : कागद कुठून, रंग, माप, रिझोल्यूशन. बाकीचे पर्याय आम्ही झाकून ठेवतो.

त्या दुपारी ऑपरेटर ताईंनी हाक मारली, “सर, साक्षीदारांच्या सह्याच आल्या नाहीत यात.” पान वरून स्वच्छ होतं, शेवटचं कलम मात्र मध्येच तुटलेलं. इमेजची उंची पाहिली : ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ठिपक्यांच्या ३५०८ ओळी. लीगलला ४२०० हव्यात. ३५०८ म्हणजे नेमका ए४, २९७ मिलिमीटर. स्क्रीनवर ‘लीगल’च निवडलेलं होतं आणि तोच गठ्ठा बाकीच्या दोन मशीनवर पूर्ण येत होता.

पहिला संशय नावांवर. सेनच्या मानकात पक्की ठरलेली नावं मोजकीच आहेत : रिझोल्यूशन, प्रीव्ह्यू आणि स्कॅन करायच्या चौकटीच्या चार कडा. ‘मोड’ (रंग) आणि ‘सोर्स’ (कागद कुठून) ही नावं बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे त्या त्या मशीनला चालवणारे प्रोग्रॅम, पाळतात, पण त्यातली मूल्यं ज्याची त्याची. एकाचं ‘लाइनआर्ट’, दुसऱ्याचं ‘ब्लॅक अँड व्हाइट’. दोन्ही बाजू स्कॅन करायच्या तर एकाकडे ‘एडीएफ डुप्लेक्स’ (एडीएफ म्हणजे कागद आपोआप ओढणारा फीडर) हा सोर्स, दुसऱ्याकडे त्यासाठी वेगळाच पर्याय. यासाठी प्रत्येक मशीनचा तक्ता आम्ही केला होता आणि तो बरोबर निघाला. भाषांतर फक्त स्क्रीनवर दाखवायचं. ड्रायव्हरला त्याचाच मूळ शब्द अक्षरशः परत द्यायचा, नाहीतर तो मूल्य नाकारतो.

चूक क्रमात होती. आमचा प्रोग्रॅम आधी खालची कड ३५५.६ करत होता आणि मग सोर्स ‘फीडर’ करत होता. बाकीची दोन मशीनं नुसत्या फीडरची, त्यांना फरक पडत नव्हता. तिसऱ्याला कागद ठेवायची काचही आहे आणि प्रोग्रॅमने मशीन सुरू केल्यावर सोर्स काचेवरच असतो. काचेची मर्यादा २९७. त्यामुळे ड्रायव्हरने आमचा आकडा २९७ वर आणला आणि ‘इनएक्झॅक्ट’ (मूल्य जसंच्या तसं घेतलं नाही) ही खूण परत पाठवली. नंतर फीडर निवडल्यावर मर्यादा ३५५.६ झाली, पण मूल्य २९७ च राहिलं. ड्रायव्हरने सांगायचं ते सांगितलं होतं. ती खूण आम्ही वाचतच नव्हतो. असा दोष मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण एररही येत नाही आणि पान पहिल्या नजरेला पूर्ण दिसतं.

आता क्रम ठरलेला आहे : सोर्स, मोड, रिझोल्यूशन, शेवटी चौकट. प्रत्येक बदलानंतर ‘रीलोड ऑप्शन्स’ खूण आली की पर्यायांची यादी पुन्हा वाचायची. पर्याय नावाने शोधायचा, क्रमांकाने नाही. पक्का फक्त शून्य क्रमांक, त्यात एकूण पर्यायांची संख्या असते. एककही तपासायचं, कारण काही ड्रायव्हर कड पिक्सेलमध्ये मागतात. तिथे ३५५ दिलं तर ३०० डीपीआयला जेमतेम ३० मिलिमीटरची पट्टी हाती येते.

शेवटी सगळी मूल्यं परत वाचून मागितलेल्यांशी ताडायची. इथे तंतोतंत बरोबरी तपासू नये. सेनचा अपूर्णांक ३२ बिटांचा, त्यातले १६ दशांशाच्या भागाला, त्यामुळे ३५५.६ नेमका बसतच नाही. आम्ही अर्ध्या मिलिमीटरची सूट ठेवली. फरक त्याहून जास्त असेल तर ‘स्कॅन’ बटण बंद राहतं आणि वर लाल अक्षरांत ‘कागद खालून कापला जाईल’ असं येतं.

मग त्या मशीनवरच्या सगळ्या फाइलींची उंची तपासून, ‘लीगल’ निवडूनही ३५०८ ओळींची राहिलेली पानं वेगळी काढली. पावसाळी हवेने कागद एकमेकांना चिकटत होते, म्हणून गठ्ठे पिंजून, दहा-दहा पानं लावत पुन्हा स्कॅन केले. पहिलं पान ४२०० ओळींचं आलं. ताईंनी ते खालपर्यंत सरकवून दोन्ही साक्षीदारांच्या सह्या पाहिल्या आणि पुढची दहा पानं फीडरला लावली.