लव्हाळ्यांचा क्रॉस आणि किल्डेअरची ज्योत

ह्यूस्टन स्टेशनवरून सुटलेली गाडी डब्लिनच्या बाहेर पडली आणि रुळांच्या कडेला आडवी झालेली झाडं दिसायला लागली. आठवड्यापूर्वीच, २४ जानेवारीला, एओविन वादळाने आयर्लंड झोडपून काढलं होतं. पश्चिमेकडे कित्येक घरांत अजून वीज आलेली नव्हती. एवढाले वृक्ष मुळांसकट उपटलेले, आणि शेजारच्या पाणथळ चरात लव्हाळी मात्र ताठ उभी. ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. मला ते प्रत्यक्ष बघायला मिळालं ते इथे, इतक्या लांब. आणि मी निघाले होते तीही लव्हाळ्यांसाठीच, त्यांचा क्रॉस विणायला किल्डेअरला.

तारीख होती ३१ जानेवारी २०२५. जुन्या गेलिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या, हिशेबात दिवस मावळतीला सुरू होतो, त्यामुळे १ फेब्रुवारीचा इम्बोल्क हा वसंताच्या सुरुवातीचा सण आदल्या संध्याकाळीच लागतो. असे चार सण वर्षाचे चार सांधे जोडतात: नोव्हेंबरच्या सुरुवातीला साविन, मग इम्बोल्क, १ मेला ब्यालटना आणि १ ऑगस्टला लूनसा. आयरिश भाषेत मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांची नावं आजही ब्यालटना, लूनसा आणि साविन हीच आहेत. इम्बोल्कच्या वाट्याला मात्र महिना आला नाही. त्या दिवसाला एका बाईचं नाव मिळालं. आयरिश माणूस त्याला ब्रीदचा दिवस म्हणतो. ब्रीद म्हणजे ब्रिजिड, संतही आणि देवीही. २०२३ पासून तिच्या नावाने देशभर सुट्टी असते, आणि बाईच्या नावाची ही आयर्लंडमधली पहिलीच सार्वजनिक सुट्टी.

किल्डेअर तिचं गाव. नावाचा अर्थ ‘ओकच्या झाडाचं देऊळ’. संत ब्रिजिडने इथे मठ स्थापला आणि इ. स. ५२५च्या सुमारास ती वारली, असं परंपरा सांगते. तिच्या नावाच्या कॅथेड्रलच्या आवारात, उंच गोल मनोऱ्याच्या जवळ, गुडघ्याएवढ्या दगडी भिंतीची एक चौकोनी जागा आहे. मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबले. बाराव्या शतकात वेल्सचा जेराल्ड नावाचा पाद्री इथे येऊन गेला. त्याने लिहून ठेवलंय की एकोणीस जोगिणी (नन) आळीपाळीने एकेक रात्र इथला अग्नी राखत. विसाव्या रात्री शेवटची जोगीण लाकडं रचून म्हणायची, ‘ब्रिजिड, आज तुझी पाळी.’ सकाळी अग्नी तसाच जळत असायचा. भोवती कुंपण होतं आणि पुरुषाला आत पाऊल टाकायची मनाई होती.

सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या धामधुमीत मठ बंद झाले आणि हा अग्नी विझला. १९९३ साली ब्रिजिडाइन सिस्टर्सनी, म्हणजे ब्रिजिडच्या नावाच्या संघातल्या जोगिणींनी, गावच्या चौकात तो पुन्हा पेटवला. आज ती ज्योत त्यांच्या सोलस व्रीदे या केंद्रात तेवते. मी भिंतीच्या आत जाऊन उभी राहिले. आत नुसतं ओलं गवत होतं. एकोणीस बायकांनी पिढ्यानपिढ्या रात्री जागवल्या असतील ती हीच जागा, या विचाराने मला तिथून हलवेना.

सोलस व्रीदेची इमारतच ब्रिजिडच्या क्रॉसच्या आकाराची आहे. आत लांब टेबलांवर लव्हाळ्यांच्या ओल्या जुड्या पडल्या होत्या आणि खोलीभर तळ्याकाठचा वास होता. माझ्या शेजारी सत्तरीच्या पुढच्या एक आजी बसल्या होत्या. शेतकरी घरातल्या. त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातातली काडी बघितली आणि म्हणाल्या, “ही कापलेली आहे. आमच्या आईने कापू दिली नसती. लव्हाळं उपटायचं असतं.” मग स्वतःच्या पिशवीतली जुडी माझ्यापुढे सरकवली.

एक काडी उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून तिच्या कमरेत अडकवायची. पाव फेरा वळवायचं. तिसरी दुमडून दुसरीवर, पुन्हा पाव फेरा. नवी काडी नेहमी आधीच्या पदराला कवेत घेते, आणि डाव्या हाताचा अंगठा मध्यावरून हलू द्यायचा नाही. तो सैल पडला की सगळं उलगडतं. माझं दोनदा उलगडलं. तिसऱ्या खेपेला आजींनी स्वतःचा अंगठा माझ्या अंगठ्यावर दाबून धरला आणि मी विणत गेले. पंचविसेक काड्यांनंतर मधोमध वेणीसारखा घट्ट चौकोन तयार झाला आणि चारी बाजूंना चार हात फुटले. टोकं सुतळीने बांधली, कात्रीने सारखी केली.

एक काडी माझ्या हातून मोडली होती. आजींनी ती नखाने उभी सोलली. आतून पांढरा, भेंडासारखा हलका गर निघाला. हाच गर चरबीत भिजवून गरिबाघरी दिवा लावत, त्या म्हणाल्या. त्यांच्या आजीने तसे दिवे पाहिले होते. म्हणजे दारावर टांगायचं तेही लव्हाळं आणि घरात उजेड द्यायचं तेही लव्हाळंच. घराला आग लागू नये म्हणून हा क्रॉस दारावर किंवा आढ्याला लावतात. गवताने शाकारलेल्या घरात राहणाऱ्यांना ही भीती किती खरी असेल!

अंधार पडल्यावर आम्ही टलीच्या विहिरीकडे गेलो. गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर, कुरणाच्या कडेला. तिथे ब्रिजिडचा पुतळा आहे, ओळीने उभे केलेले दगड आहेत आणि दोन दगडी नळ्यांतून पाणी वाहतं, त्यांना ब्रिजिडचे जोडे म्हणतात. जवळच्या झाडाला चिंध्या बांधलेल्या. कुणाच्या आजारासाठी, कुणाच्या बाळासाठी. एका फांदीला हॉस्पिटलचा मनगटपट्टा होता. त्यावरचं नाव मी वाचलं नाही.

विहिरीपाशी पंधरा-वीस पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवदेवतांना मानणारी, मंडळी मेणबत्त्या घेऊन उभी होती. दोन सिस्टर्सही होत्या, थोड्या मागे, शांतपणे. नवव्या-दहाव्या शतकातला एक आयरिश शब्दकोश ब्रिजिडला कवींची देवी म्हणतो आणि तिच्याच नावाच्या दोन बहिणी सांगतो, एक वैद्यकीची आणि एक लोहारकामाची. त्या रात्री तिघींना नावाने हाक मारली गेली. मग एकीने मातीवर दूध ओतलं. इम्बोल्कचं नातं मेंढ्यांना दूध उतरण्याशी आहे, असं जुने लोक सांगत आले आहेत.

हे सगळं फार प्राचीन आहे, असा दावा तिथे कुणी केला नाही. विधी चालवणाऱ्या बाईंनी मला सरळ सांगितलं, “आम्ही वर्षाचे आठ सण पाळतो. हे आठ आऱ्यांचं चाक १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये जुळवलं गेलं, गेलिक परंपरेत चारच.” मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. आधी देवी की आधी संत, हा वाद अभ्यासकांमध्ये आहेच. संताचं चरित्र सातव्या शतकात लिहिलेलं आहे, देवीचा उल्लेख त्यानंतरचा. पण त्या थंडीत सिस्टरच्या विझलेल्या मेणबत्तीला पेगन मुलीने आपल्या मेणबत्तीने पेटवलं, तेव्हा दोघींपैकी कुणी हा प्रश्न विचारला नाही. मला तर तो वादच त्या विहिरीपाशी परका वाटला.

मुक्कामाच्या घरी खिडकीबाहेर सुती कापडाचा तुकडा ठेवला. याला ब्रीदचा झगा म्हणतात. रात्री ती घरावरून जाते आणि कापडाला हात लावते. मग ते डोकेदुखीला, बाळंतिणीला, विणाऱ्या गाईला वापरायचं. सकाळी आठच्या पुढे उजाडलं. कापड दवाने जड झालं होतं आणि एक कडा गोठून कडक झालेली. बाहेर वसंताचं काहीच नव्हतं. ना पान, ना ऊब. कुंपणाखाली स्नोड्रॉपचे चार-पाच पांढरे झुबके, आणि कुठूनतरी येणारा कोकराचा बारीक आवाज. तरी डिसेंबरातला साडेसात तासांचा दिवस आता जवळजवळ नऊ तासांचा झाला होता. एवढ्या पुराव्यावर या लोकांनी वसंत आला म्हणायचं ठरवलंय, आणि नोव्हेंबरपासून इथला अंधार सोसलेल्या मला ते पुरेपूर पटलं.

कापड ओलंच घडी करून पिशवीत घातलं. परतीच्या गाडीत क्रॉस मांडीवर धरून बसले. समोरच्या बाईंच्या मांडीवरही तसाच एक होता. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो.

आता तो डब्लिनच्या माझ्या भाड्याच्या घरात दाराच्या चौकटीवर आहे. भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही, म्हणून दोऱ्याने टांगलाय. चार दिवसांत टोकं पिवळी पडली, मधला चौकोन अजून हिरवा आहे. आजींनी पत्ता दिलाय. पुढच्या ३१ जानेवारीला त्यांच्या शेताच्या कडेची लव्हाळी उपटायला जायचंय.