लिव्हरपूल २०२४-२५ : एकाच जागेवर नजर ठेवून पाहिलेला हंगाम

ऑगस्ट, इप्सविचनंतर

मॅनेजर युर्गन क्लॉप गेल्यानंतरचा लिव्हरपूलचा पहिला फुटबॉल हंगाम सुरू झाला. फेयेनूर्डहून आलेला नवा मॅनेजर आर्ने स्लॉट, जवळजवळ जुनीच टीम, आणि ट्रान्स्फर विंडोमध्ये आपल्याला जो हवा होता तो मार्टिन सुबिमेंडी रेआल सोसिएदादमध्येच राहिला. म्हणजे सहा नंबरच्या जागेवर, चार बॅकच्या, म्हणजे डिफेंडरांच्या, समोर उभं राहून चेंडू पुढे नेणारा खास माणूस आलाच नाही. म्हणून या वर्षीच्या नोंदी मी त्याच जागेभोवती ठेवणार आहे. दर मॅचला वहीचं एक पान, पानावर मैदानाची साधी आकृती. पहिली पंधरा मिनिटं फक्त एवढंच टिपायचं: चेंडू आपल्या गोलकीपर ॲलिसनच्या पायाशी असताना आपला सहा नंबर कुठे उभा आहे, आणि त्याला पास मिळाल्यावर त्याचं तोंड कुठे आहे. स्वतःच्या गोलकडे की समोरच्याच्या?

१७ ऑगस्टला इप्सविचच्या मैदानावर, पोर्टमन रोडवर, ही जागा रायन ग्रावेनबर्खला मिळाली. मागच्या वर्षी बायर्नकडून आलेला, तेव्हा बराचसा बेंचवर बसलेला. पहिला हाफ अवघड गेला. इप्सविचने अंगावर येऊन चेंडू हिसकावले, आणि मध्यंतराला स्लॉटने क्वान्साला काढून कोनाटेला आणलं. पहिल्याच लीग मॅचमध्ये, तेही सेंटर बॅक बदलायचा, हे धाडस मला फार आवडलं. त्यानंतर उजवा बॅक ट्रेंटचा लांब पास विंगर सलाहकडे, सलाहचा मागे फॉरवर्ड जोटाकडे, आणि १-०. दुसरा सलाहचा. हंगामाच्या पहिल्या मॅचमध्ये प्रीमियर लीगमधले त्याचे आता ९ गोल झाले. शिअरर, लॅम्पार्ड, रूनी तिघेही ८ वर थांबले होते.

१ सप्टेंबर, ओल्ड ट्रॅफर्ड

मँचेस्टर युनायटेडच्या घरी ०-३! डियाझ, डियाझ, सलाह. स्कोअर सगळ्यांनी पाहिला आहे, म्हणून मी पहिल्या गोलच्या आधीच्या काही सेकंदांबद्दल लिहितो.

त्यांच्या कासेमिरोने मध्यात पास दिला तेव्हा ग्रावेनबर्ख त्या पासच्या रेषेत नव्हताच. थोडा मागे, थोडा बाजूला होता. कासेमिरोचा पाय हलला आणि हा दोन ढांगांत त्या रेषेत आला. चेंडू अडवला, आणि अडवतानाच शरीर समोर वळलेलं होतं. त्यामुळे पुढचा पास द्यायला वेळ लागलाच नाही. चेंडू सलाहकडे, सलाहचा क्रॉस, डियाझचं हेडर. पुन्हा लावून पाहाल तेव्हा चेंडूकडे बघू नका, त्याच्या खांद्यांकडे बघा. पास यायच्या आधी तो एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बघून घेतो. ही सवय ज्या मिडफिल्डरला आहे त्याला मागे वळून सुरक्षित पास द्यावा लागत नाही.

क्लॉपच्या टीमचा वेग मला अजून आठवतो आणि त्याची ओढही वाटते. चेंडू गेला की चार जण धावत सुटायचे. स्लॉटची टीम तेच करते, पण वेळ निवडून करते. मधल्या काळात चेंडू ॲलिसन, कोनाटे, फान डाइक यांच्यात शांतपणे फिरत राहतो आणि समोरचा उतावळा होऊन पुढे यायची वाट पाहिली जाते. काहींना हे कंटाळवाणं वाटतंय. मला नाही वाटत. त्या संथ पासांमध्येच ग्रावेनबर्खसाठी जागा तयार होते.

१४ सप्टेंबर

नॉटिंगहॅम फॉरेस्ट, आपल्या ॲनफिल्डवर, ०-१. हडसन-ओडोयचा गोल. फॉरेस्टने मधली सगळी जागा बंद केली आणि आपल्याला कडेकडेने फिरवलं. पानावरच्या आकृतीत सहा नंबरभोवती लाल ठिपक्यांची गर्दी आहे. बाकीच्या टीम हेच करायला बघतील, म्हणून हे पान दुमडून ठेवलंय.

नोव्हेंबर

या महिन्यात लिहायला वेळ कमी आणि बघायला भरपूर. ५ तारखेला चॅम्पियन्स लीगमध्ये आपला जुना खेळाडू झाबी अलोन्सो मॅनेजर म्हणून लेव्हरकुसेनला घेऊन ॲनफिल्डवर आला. मध्यंतरापर्यंत ०-०, शेवटी ४-०, डियाझची हॅटट्रिक. ही गोष्ट आता पुन्हा पुन्हा दिसते आहे: पहिल्या हाफमध्ये समोरच्याला वाचायचं, मध्यंतरात दोन-तीन जण पाच-दहा यार्ड इकडेतिकडे सरकवायचे, आणि दुसऱ्या हाफमध्ये सगळी मॅच आपली. माझ्या नोंदी पहिल्या पंधरा मिनिटांच्या होत्या. आता मध्यंतरानंतरची पंधरा मिनिटंही टिपायला लागलोय.

२७ तारखेला रेआल माद्रिद, २-०. मॅक ॲलिस्टर आणि गाक्पो. गोलमध्ये उभ्या केलेहरने एम्बापेची पेनल्टी अडवली आणि सलाहची पेनल्टी बाहेर गेली. पण ज्या क्षणी ॲनफिल्ड खऱ्या अर्थाने उसळलं तो क्षण कॉनर ब्रॅडलीचा. एम्बापे पूर्ण वेगात चेंडू घेऊन निघालेला, आणि आपल्या ॲकॅडमीतल्या पोराने आडवं सरपटत येऊन चेंडू स्वच्छ काढून घेतला. गोल पडल्यासारखा आवाज झाला. मागे २०१८ आणि २०२२ अशा चॅम्पियन्स लीगच्या दोन फायनल याच रेआलसमोर हरलेल्या आपल्यासारख्यांना तो टॅकल काय होता, हे वेगळं सांगायला नको.

चारच दिवसांत मँचेस्टर सिटीला २-०. सलग चार वर्षं लीग जिंकलेली टीम, आणि त्यांना आपल्या अर्ध्यात नीट श्वासही घेऊ दिला नाही.

एक काळजी. साउथॅम्प्टनच्या ३-२ नंतर सलाह स्वतः पत्रकारांशी बोलला, की अजून क्लबकडून कराराचा प्रस्ताव नाही. सलाह, फान डाइक, ट्रेंट, तिघांचे करार जूनमध्ये संपतात. मॅच चालू असतानाही हे डोक्यातून जात नाही.

१४ डिसेंबर, फुलम

२-२. टेबलमध्ये दोन गुण गेले, तरी आतापर्यंतच्या हंगामातली माझी सगळ्यात आवडती मॅच हीच.

अकराव्या मिनिटाला मागे पडलो, सतराव्या मिनिटाला रॉबर्टसनला रेड कार्ड. जवळपास सव्वा तासाचा खेळ दहा जणांनी करायचा. बहुतेक मॅनेजर इथे एक फॉरवर्ड काढून डिफेंडर आणतात. स्लॉटने कुणालाच काढलं नाही. गोमेझ डावीकडे गेला आणि ग्रावेनबर्ख सरळ सेंटर बॅकला उतरला, फान डाइकच्या शेजारी. म्हणजे मिडफिल्डमधला एक माणूस मागे गेला, पण पुढचे सगळे जागच्या जागी. चेंडू आपल्याकडे आला की ग्रावेनबर्ख तिथूनच चेंडू घेऊन चालत मध्यात यायचा, आणि फुलमला कळत नव्हतं याला अडवायचं कुणी. गाक्पोने १-१ केलं, मुनीझने पुन्हा त्यांना पुढे नेलं, आणि ८६व्या मिनिटाला जोटा.

दहा जणांची टीम अकरा जणांसारखी खेळते असं लोक सहज म्हणतात. त्या दिवशी ते शब्दशः खरं होतं, आणि त्याचं कारण मागच्या त्या एका माणसात होतं.

त्यानंतर स्पर्सला (टॉटनहॅमला) त्यांच्या घरी ६-३. मजा आली, पण नऊ गोलांच्या मॅचमधून शिकण्यासारखं फार काही निघत नाही.

जानेवारी

फॉरेस्टच्या मैदानावर, सिटी ग्राउंडवर, १-१. दुमडून ठेवलेलं सप्टेंबरचं पान उघडून बसलो होतो. पुन्हा तीच भिंत. मग त्सिमिकास आणि जोटा एकत्र मैदानात आले. लगेच कॉर्नर होता. त्सिमिकासने घेतला, जोटाचं हेडर, गोल. दोघांचाही तो पहिलाच स्पर्श! जोटाबद्दल एकदा मनापासून लिहायचं होतं ते इथे लिहितो. बॉक्समध्ये चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं, आणि तो तिथे धावत जायचा नाही, आधीच पोचलेला असायचा.

ब्रेंटफर्डला नव्वद मिनिटं ०-० आणि मग इंज्युरी टाइममध्ये नुन्येझचे दोन. लीग अशा दुपारी जिंकली जाते.

फेब्रुवारी

एव्हर्टनच्या गुडिसन मैदानावरची शेवटची मर्सीसाइड डर्बी आधी डिसेंबरला ठरली होती, वादळामुळे पुढे ढकलली आणि १२ फेब्रुवारीला झाली. ९८व्या मिनिटाला टार्कोव्स्कीने चेंडू छतात मारला आणि २-२. मॅच संपल्यावर रेड कार्डांची रांग, त्यात स्लॉटही. एव्हर्टनवाल्यांनी त्या मैदानाला जसा निरोप द्यायला हवा तसा दिला. वाईट वाटलं, पण त्या गोलचं मोल मला कळतं.

२३ तारखेला एतिहाद, सिटीचं मैदान. हे पान सगळ्यांनी आपापल्या वहीत करावं असं आहे. जवळपास दोन तृतीयांश वेळ चेंडू सिटीकडे, आणि मॅच आपण २-० ने घेतली. पहिला गोल कॉर्नरचा. सगळे उंच खेळाडू बॉक्समध्ये जमलेले, सिटीचं लक्ष त्यांच्यावर. मॅक ॲलिस्टरने चेंडू उचललाच नाही, जमिनीलगत जवळच्या पोस्टकडे दिला. सोबोस्लाई तिथे धावत आला आणि एका स्पर्शात मागे सोडला, सलाहने मारला, चेंडू डिफेंडरला लागून आत. सरावाच्या मैदानावर घोटून घेतलेली गोष्ट अशी मोठ्या मॅचला उघडते तेव्हा कोचिंग स्टाफसाठी टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. दुसरा गोल सोबोस्लाईचा, पास सलाहचा.

मार्च

चॅम्पियन्स लीगमध्ये पीएसजीविरुद्ध पॅरिसमध्ये ॲलिसनने आयुष्यातली सर्वोत्तम मॅच खेळून काढली आणि एलियटने ८७व्या मिनिटाला १-०. परतीच्या मॅचला डेम्बेलेचा गोल, एक्स्ट्रा टाइम, पेनल्टी, आणि त्यांच्या गोलकीपर दोन्नारुम्माने नुन्येझ आणि जोन्स दोघांच्या अडवल्या. नव्या स्वरूपाच्या लीग टप्प्यात ३६ टीममध्ये पहिले आलो आणि बक्षीस म्हणून पीएसजी मिळाली.

दोन्ही मॅचमध्ये विटिन्या, जोआव नेव्हेस आणि फाबियान यांनी आपल्या सहा नंबरला वळूच दिलं नाही. पास मिळाला की पाठीला कुणीतरी चिकटलेलंच. माझ्या वहीत या दोन पानांवर त्याचं तोंड जवळपास प्रत्येक वेळी ॲलिसनकडे आहे. तो थकलेला आहे हेही दिसतं. त्याच्याऐवजी खेळवायला तसा दुसरा कुणी नाही.

पाचच दिवसांनी वेम्बलीवर न्यूकॅसलने लीग कप नेला, १-२. डॅन बर्नला कॉर्नरवर मॅक ॲलिस्टर मार्क करत होता, उंचीतला फरक बघा. किएझाचा गोल फार उशिरा आला. न्यूकॅसलला देशातला मोठा कप १९५५ नंतर पहिल्यांदा मिळाला. त्यांच्या लोकांचे चेहरे बघून मी टीव्ही बंद केला नाही, त्यांचा आनंद पूर्ण पाहिला.

एप्रिल

११ तारखेला सलाहने सही केली, १७ ला फान डाइकने. मधल्या रविवारी वेस्ट हॅमविरुद्ध ८९व्या मिनिटाला फान डाइकचंच हेडर. २० तारखेला लेस्टरला दुखापतीतून परतलेला ट्रेंट बेंचवरून आला आणि डाव्या पायाने गोल. लिव्हरपूलसाठी डाव्या पायाचा त्याचा पहिलाच. शर्ट काढून कॉर्नर फ्लॅगवर टांगला त्याने.

मग दुसऱ्या नंबरवरची आर्सेनल क्रिस्टल पॅलेसशी २-२ अडकली आणि टायटलसाठी आपल्याला एकच गुण हवा होता.

२७ एप्रिल. स्पर्स ५-१. सोलांकेने आधी गोल केला तेव्हाही ॲनफिल्ड शांत झालं नाही. डियाझ, मॅक ॲलिस्टरचा डाव्या पायाचा बॉम्ब, गाक्पो, सलाह, आणि एक उडोगीचा ओन गोल. २०वं लीग टायटल, मँचेस्टर युनायटेडच्या बरोबरीला. चार मॅच शिल्लक असताना.

२०२० ची ट्रॉफी रिकाम्या स्टँडसमोर उचलली होती. म्हणजे भरलेल्या ॲनफिल्डसमोर लीग जिंकल्याला १९९० पासूनचा काळ लोटला होता. कॉप स्टँडवर बापलेक एकमेकांना धरून रडत होते. कॅमेरा तिथून हलू नये असं वाटत होतं. आणि मॅच संपल्यावर स्लॉटने माइक हातात घेऊन क्लॉपच्या नावाचं गाणं म्हटलं. मागच्या मे महिन्यात क्लॉपने जाता जाता स्लॉटचं नाव लोकांकडून गाऊन घेतलं होतं, त्याची ही परतफेड.

मे, हंगाम संपताना

८४ गुण. सलाहचे २९ गोल आणि १८ असिस्ट. ३८ मॅचच्या हंगामात दोन्ही मिळून ४७ पर्यंत आजवर कुणीच पोचलेलं नाही. ग्रावेनबर्खला लीगचा सर्वोत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कार. शेवटच्या पॅलेसच्या मॅचमध्ये त्याला रेड कार्ड मिळालं, त्यामुळे पुढच्या हंगामाच्या पहिल्या लीग मॅचला तो नसेल. तिथे कोण उभा राहील, ही पुढच्या वहीतली पहिली ओळ.

दुसरी ओळ उजव्या बॅकची. ट्रेंट चाललाय. त्याला शिट्ट्या मारणाऱ्यांत मी नाही. वीस वर्षं या क्लबात वाढलेला मुलगा आहे तो. पण त्याचा तो चाळीस यार्डांचा पास गेला की ग्रावेनबर्खवरचं ओझं वाढणार, कारण आतापर्यंत मध्य बंद झाला की चेंडू ट्रेंटकडे जायचा आणि तिथून थेट सलाहकडे. ब्रॅडली वेगळा खेळाडू आहे, धावत वर जाणारा. तेव्हा पुढच्या वर्षी आकृतीवर एका ठिपक्याऐवजी दोन मांडणार आहे, सहा नंबर आणि उजवा बॅक, आणि त्यांच्यामधलं अंतर दर मॅचला टिपणार आहे. कुणाला हेच करायचं असेल तर प्री-सीझनपासूनच सुरू करा. नवी जोडी तिथेच पहिल्यांदा एकत्र दिसेल.