पाटील आता या कंपनीत नाहीत

नोकरदार माणसाने कंपनी बदलली तरी त्याच्याबरोबर येणाऱ्या गोष्टी अलीकडे वाढल्या आहेत. 2011 पासून देशभर मोबाइलचा नंबर तोच ठेवून सेवा देणारी कंपनी बदलता येते, आणि 2014 पासून भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन हा क्रमांक नोकऱ्या कितीही बदलल्या तरी तोच राहतो. कार्यालयातील ई-मेलच्या पत्त्याला मात्र ही सवलत नाही. तो माणसाच्या नावाने असला तरी माणसाचा नसतो. ‘ॲट’च्या चिन्हाच्या उजवीकडे ज्याचे नाव, मालकी त्याची. 1971 मध्ये ई-मेलचे जनक मानले जाणारे रे टॉमलिन्सन यांनी हे चिन्ह निवडले, ते माणूस कोणता आणि यंत्र कोणते हे वेगळे दाखवण्यासाठी. पुढे यंत्राच्या जागी कंपनी आली आणि माणसाचे नाव डावीकडच्या खोलीत भाडेकरूसारखे राहू लागले.

माणूस समूहाबाहेरच्या कंपनीत जातो, तेव्हा त्याच्या मेलचे काय करायचे हा प्रश्न सोपा असतो. खरेदी विभागातील अधिकाऱ्याला आलेले दरपत्रक त्याच्या खुर्चीला आलेले असते, आणि ते त्याच्यामागोमाग स्पर्धकाच्या कार्यालयात पोहोचवणे याला सौजन्य म्हणता येणार नाही. जुना आयडी त्याच्या वरिष्ठांकडे वळवतात, काही दिवस ‘हे गृहस्थ आता येथे कार्यरत नाहीत’ असे आपोआप उत्तर जाते, आणि विषय मिटतो. ज्यांनी बँकेपासून मुलांच्या शाळेपर्यंत सगळीकडे कंपनीचाच आयडी दिलेला असतो त्यांची तारांबळ उडते, पण तो कंपनीचा दोष नव्हे.

खरी गुंतागुंत एकाच समूहातील कंपन्यांमध्ये होते, आणि अशा समूहाची मेलव्यवस्था सांभाळणे हेच माझे काम असल्यामुळे माझा बराचसा दिवस त्यातच जातो. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात असे समूह पुष्कळ आहेत. भोसरीला फाउंड्री, चाकणला सुट्या भागांचा कारखाना, शहरात विक्री पाहणारी कंपनी. मालक एक, पण कागदोपत्री कंपन्या वेगळ्या आणि म्हणून डोमेनही, म्हणजे ‘ॲट’च्या उजवीकडचे नावही, वेगळे. फाउंड्रीतील पाटील चाकणला बदलून गेले की त्यांचा आयडी बदलतो. त्यांच्या जुन्या आयडीवर येणाऱ्या मेलपैकी निम्मे फाउंड्रीच्या कामाचे, म्हणजे आता त्यांच्या जागी आलेल्या माणसाचे असतात, आणि निम्मे खुद्द पाटलांचे. कोणते कोणाचे, हे मेल पोहोचवणाऱ्या यंत्राला, म्हणजे सर्व्हरला, कळत नाही. तो पत्ता वाचतो, हेतू वाचत नाही. म्हणून दोघांनाही प्रत पाठवावी, तर दोघेही ‘दुसरा उत्तर देईल’ असे गृहीत धरतात.

त्यातून पाटील हे आडनाव. सुनील, संतोष, सचिन आणि स्वाती असे चार पाटील वेगवेगळ्या कंपन्यांत ‘एस.पाटील’ या एकाच नावाने सुखाने नांदत असतात; कंपन्यांच्या याद्या एकत्र करायची वेळ आली की त्यांतल्या तिघांना आकडे लागतात, आणि व्हिजिटिंग कार्डावर नावापुढे ‘2’ छापून घेणे कोणालाही आवडत नाही. जोशी, कुलकर्णी आणि देशमुख यांचीही तीच गत. पहिले नाव पूर्ण लिहिण्याचा नियम सुरुवातीलाच केला असता तर हे टळले असते, पण सुरुवातीला प्रत्येक कंपनीत एकेकच पाटील होते.

पत्ता बदललेल्या माणसाचे काय करायचे, याचा विचार ही व्यवस्था घडवणाऱ्यांनी फार आधी केला होता. इंटरनेटचे सुरुवातीचे नियम लिहिणाऱ्यांपैकी एक, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट 1982 मध्ये मेलच्या देवाणघेवाणीचे जे नियम लिहिले, त्यांत 251 आणि 551 अशी दोन उत्तरे आहेत. पहिल्याचा अर्थ ‘ही व्यक्ती येथे नाही, पण मी मेल पुढे पाठवतो’, आणि दुसऱ्याचा ‘ही व्यक्ती येथे नाही, अमुक पत्त्यावर पाहा’. सर्व्हरवर मेल हाताळणाऱ्या सेंडमेल या जुन्या प्रणालीत गेलेल्या माणसाच्या नव्या पत्त्यापुढे ‘रीडायरेक्ट’ जोडून ठेवले की सर्व्हर 551 हे उत्तर आपण होऊन देत असे. पोस्टफिक्स या तशाच दुसऱ्या प्रणालीत तर स्थलांतरितांची वेगळी यादीच ठेवता येते. दोन्ही सोयी आजही आहेत. त्या वापरणारे मात्र क्वचितच आढळतात, आणि त्याला कारणही आहे: विचारणाऱ्या प्रत्येकाला नवा पत्ता सांगणारा सर्व्हर तो स्पॅम पाठवणाऱ्यालाही सांगतो. शिवाय परत आलेला मेल इंग्रजी तांत्रिक मजकुराने असा भरलेला असतो की त्यात दडलेला नवा पत्ता कोणी वाचत नाही. ‘तुमचा सर्व्हर बंद आहे’ असा फोन मात्र येतो.

म्हणून आज सर्वत्र मूक फॉरवर्ड चालतो. जुन्या पत्त्यावर आलेला मेल मुकाट्याने नव्या पत्त्यावर जातो आणि पाठवणाऱ्याला काही कळत नाही. ही सोय मला पूर्वीपासून संशयास्पद वाटत आली आहे, कारण ती जितकी बिनबोभाट चालते तितका जुना पत्ता चिवट होतो. पुरवठादाराच्या आउटलुकमध्ये दोन अक्षरे टाकताच जुनाच आयडी वर येतो, मेल व्यवस्थित पोहोचतो, मग तो कशाला बदलेल? तात्पुरता म्हणून लावलेला फॉरवर्ड याच वाटेने कायमचा होतो.

तो आता पूर्वीसारखा बिनधोकही राहिलेला नाही. बनावट मेल ओळखण्यासाठी प्रत्येक डोमेन आपल्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे, याची यादी जाहीर करते. तिला एसपीएफ म्हणतात. पुरवठादाराचा मेल फाउंड्रीच्या सर्व्हरवरून चाकणच्या सर्व्हरकडे पुढे जातो, तेव्हा चाकणच्या सर्व्हरला दिसते ते एवढेच, की मेलवर नाव पुरवठादाराचे आहे आणि आणणारा सर्व्हर त्याच्या यादीत नाही. साहजिकच संशय येतो. पुढे पाठवताना मेलच्या लिफाफ्यावरचा, म्हणजे सर्व्हर एकमेकांना सांगतात तो, परतीचा पत्ता बदलून घेणे हा त्यावरचा एक उपाय. दुसरा आधार पाठवणाऱ्या डोमेनने मेलवर केलेल्या डीकेआयएम या डिजिटल सहीचा. मजकुराला कोणी हात लावला नाही तर ती वाटेत टिकते. पण बाहेरून आलेल्या मेलच्या विषयात ‘बाह्य’ असा शिक्का मारण्याची पद्धत हल्ली रुळली आहे, आणि विषय बदलला की बहुधा सहीच मोडते. सावधगिरीच्या एका उपायाने दुसऱ्याचा असा घात होतो, आणि पाटलांचे मेल स्पॅममध्ये सापडतात.

पाटील काही वर्षांनी फाउंड्रीत परत आले तर आणखी निराळाच प्रकार घडू शकतो. भोसरीचा जुना फॉरवर्ड चाकणकडे बोट दाखवत असतो, आणि कोणीतरी चाकणला नवा फॉरवर्ड भोसरीकडे लावतो. मेल दोघांत फिरू लागतो. प्रत्येक सर्व्हर त्यावर आपली नोंद करतो म्हणून हा फेरा थांबतो तरी. पोस्टफिक्स मूळ मांडणीत अशा 50 नोंदींनंतर हात टेकतो आणि मेल परत करतो. त्या नोंदी ओळीने वाचल्या तर पाटलांच्या दोन्ही बदल्यांचा इतिहास समोर येतो.

तिसरा प्रसंग माणसाचा नसून कंपनीचाच असतो. पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी 2011 मध्ये आयगेटने घेतली आणि आयगेट 2015 मध्ये कॅपजेमिनीने. नवी मुंबईतील किंवा पुण्यातील जो कर्मचारी या साऱ्या काळात जागेवरून हललाही नाही, त्याला आपण होऊन काही न करता तीन कंपन्यांची नावे पाहायला मिळाली. अशा वेळी जुने डोमेन जिवंत ठेवण्याची जबाबदारी नव्या मालकाची असते, आणि ती वाटते त्यापेक्षा लांब असते. काही वर्षांनी लेखा विभागातील कोणीतरी नूतनीकरणाचे बिल पाहून विचारतो, की ही कंपनी अस्तित्वातच नाही तर पैसे कशासाठी? बिल किरकोळ असते. पण ‘डॉट कॉम’ डोमेनची मुदत चुकली, सवलतीचा काळ संपला आणि त्यानंतरचे सोडवून घेण्याचे 30 दिवस व काढून टाकण्याआधीचे 5 दिवसही उलटले, की ते नाव कोणालाही विकत घेता येते; आणि घेणाऱ्याला त्या नावाबरोबर प्रत्येक जुन्या पत्त्यावर येणारा मेल मिळतो. त्यात एखाद्या विसरलेल्या खात्याचा पासवर्ड बदलण्याचा दुवाही असू शकतो.

फॉरवर्ड किती दिवस ठेवावा, असे मला नेहमी विचारले जाते, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा तीन महिने असतात. मी आधी लॉग, म्हणजे आलेल्या-गेलेल्या मेलची सर्व्हरने ठेवलेली नोंद, पाहते. नेहमीचे ग्राहक आणि पुरवठादार बहुतेक वेळा दोन महिन्यांत नव्या पत्त्यावर येतात, कारण त्यांना पाटलांच्या सहीखालचा नवा आयडी दिसत असतो. राहतात ते वर्षातून एकदा लिहिणारे: विम्याचे नूतनीकरण, वजनकाट्याची तपासणी करणारा, आणि मार्च संपला की येणे-देणे जुळवण्यासाठी लेखापरीक्षकांनी पाठवलेली पत्रे. त्यामागोमाग कापलेल्या कराची प्रमाणपत्रे येतात, ती थेट जूनच्या मध्यापर्यंत. त्यामुळे बदली एप्रिलमध्ये झालेली असो वा डिसेंबरमध्ये, पुढच्या वर्षीचा जून उलटेपर्यंत मी जुन्या पत्त्याला हात लावत नाही, आणि त्यानंतर तो बंद करते तेव्हा 551 चाच मजकूर साध्या मराठीत लिहून आपोआप जाणाऱ्या उत्तरात टाकते: श्री. पाटील आता या कंपनीत नाहीत. फाउंड्रीच्या खरेदीसाठी विभागाच्या पत्त्यावर लिहावे, आणि पाटलांशीच काम असल्यास स्वागतकक्षाला फोन करावा.